पुरवण्यांची गोष्ट



परीक्षेच्या वर्गावर पर्यवेक्षक म्हणून असतां माझ्या हातीं नेहमीं दोन वस्तू असत : पुरवण्यांचा गठ्ठा आणि दोऱ्याचें रीळ. उत्तरपत्रिका संपली कीं मुलगा उभा राही, आणि मी सही करून पुरवणी त्याच्यापुढें ठेवीत असें. सहीवांचून पुरवणी द्यावयाची नाहीं, असा दंडक होता. आज सांगावयाचा इतिहास पुरवण्यांचाच आहे. मात्र त्या कागदाच्या नव्हेत.

महाजालावरील पानें ज्यांतून पाहावयाचीं त्या साधनास ब्राउझर म्हणतात. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें आपल्या देशांत महाजाल सर्वसामान्यांस खुलें केलें, तेव्हां ब्राउझर म्हणजे केवळ एक खिडकी होती. १९९७ सालीं मायक्रोसॉफ्टनें इंटरनेट एक्सप्लोररच्या चौथ्या आवृत्तींत बाहेरच्यांस या खिडकीला स्वतःच्या जोडण्या बसविण्याची वाट करून दिली. त्या वाटेनें उपयुक्त वस्तु आल्या, आणि उपद्रवी त्याहून अधिक. २००२ सालीं हेन्रिक सोरेनसन या डेन्मार्कमधील विद्यार्थ्यानें जाहिराती अडविणारी ‘अॅडब्लॉक’ ही पुरवणी रचिली. २००६ सालीं जो ह्यूइट यांनीं ‘फायरबग’ दिली, आणि पानें बांधणाऱ्या कारागिरांस पानाची आंतली शिवण उसवून पाहतां येऊं लागली. नवल असें कीं, पुढें तिचीं बहुतेक कामें फायरफॉक्स ब्राउझरनें स्वतःच उचललीं व २०१७ सालीं तिला निरोप मिळाला. पुरवणी मूळ उत्तरपत्रिकेंतच शिवली गेली म्हणावयाची! गूगलच्या क्रोमनें पुरवण्यांस दार उघडलें तें २०१० च्या जानेवारींत.

हें सारें मला ठाऊक झालें तें पुतण्यामुळें. तो पुण्याच्या एका वेब कंपनींत आहे. २०२० च्या टाळेबंदींत तो कचेरीसकट वाशीमला आला. रोज सकाळीं दहा वाजतां पडद्यावर बैठक भरे. काल काय केलें, आज काय करणार, कोठें अडलें, हें प्रत्येकानें सांगावयाचें. आमच्या शाळेंतील परिपाठच तो, फक्त प्रार्थना नाहीं. वीज गेली कीं पुण्याची कचेरी आमच्या माजघरापुरती बंद. त्याच्यापुढें एका वेळीं पन्नास-साठ पानें उघडीं असत. संगणकास धाप लागूं नये म्हणून ‘ग्रेट सस्पेंडर’ नांवाची पुरवणी त्यानें जोडली होती. न लागणारें पान ती निजवून ठेवी.

२०२१ च्या फेब्रुवारींत एके दिवशीं निजलेलीं पानें जागीं होईनात. ही पुरवणी तिच्या कर्त्यानें २०२० च्या जूनमध्येंच एका अज्ञात गिऱ्हाइकास विकली होती, आणि आंत घातक मजकूर आढळला म्हणून गूगलनें ती बंद केली. वापरणारे वीस लाखांच्या घरांत! पुतण्या गेलेल्या पानांसाठीं हळहळला. मला दुसरीच गोष्ट बोंचली. अशी पुरवणी जोडतांना ब्राउझर बहुधा विचारतो : तुम्ही पाहाल त्या सर्व पानांवरील मजकूर वाचण्याची व बदलण्याची मुभा देतां काय? आपण घाईघाईनें होय म्हणतों. बँकेचें खातें आलें, मुलीला लिहिलेलें पत्र आलें. होय म्हटलें एका माणसाला, आणि पुरवणी गेली दुसऱ्याच्या हातीं, तीहि मुकाट्यानें. नवा मजकूर तिच्यांत आपोआप येतो, आणि तेथें कोणाची सही आपण पाहत नाहीं.

आमचें वाशीम म्हणजे वाकाटकांचें वत्सगुल्म. दुसऱ्या विंध्यशक्तीचा चौथ्या शतकांतील ताम्रपट येथें १९३९ सालीं सांपडला. तांब्यावरचें अक्षर बदलावयाचें तर ठोकून सपाट करावें लागे, आणि ठोकल्याची खूण मागें राही. पडद्यावरचें अक्षर बदललें तर मागें कांहींच राहत नाहीं.

पुढच्या रविवारीं आम्हीं दोघांनीं त्याच्या सतरा पुरवण्या तपासल्या. कर्ता कोण, मुभा कोणती, शेवटचा बदल केव्हां, एवढेंच पाहिलें. नऊ काढल्या. माझी एकच, रोमन अक्षरें दाबून मराठी उमटविणारी. माझें अक्षर न् अक्षर तिच्या हातून जातें, हें त्या दिवशीं प्रथम ध्यानांत आलें. बराच वेळ विचार करून ती मात्र मीं ठेवली. तिच्यावांचून हें भाषणहि टंकून झालें नसतें.