गिअर न पडण्याचा इतिहास

मोटारीचा इतिहास लिहिणारे लोक बहुधा इंजिनाचाच इतिहास लिहितात. गिअरबॉक्स बिचारा पत्र्याखाली, तेलात बुडालेला. त्याची आठवण होते ती गाडी दुरुस्तीहून घरी आली आणि पहिला गिअर पडेनासा झाला म्हणजे. मी शाळामास्तर, मॅट्रिकच्या पुढे शिक्षणाशी माझा संबंध आला नाही, मग यंत्रशास्त्र दूरच. परंतु नागपुरातल्या गॅरेजांच्या बाकड्यांवर बसून हा नाद मी लावून घेतला, आणि माझे मत असे झाले आहे की, या तक्रारीचे मूळ शोधायचे तर शंभर-सव्वाशे वर्षे मागे जावे लागते.

1890 नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये एमिल लव्हासॉर याने सरकत्या दातेरी चाकांचा गिअरबॉक्स रूढ केला. हा गृहस्थ 1895 साली पॅरिस ते बोर्दो आणि परत ही सुमारे 1,200 किलोमीटरांची शर्यत 48 तासांहून थोड्या अधिक वेळात पार करून सर्वांच्या आधी पोहोचला. पण त्याची गाडी दोघांचीच असल्यामुळे पहिले बक्षीस मात्र दुसऱ्याला गेले! त्याच्या युक्तीत एक अडचण होती. वेगवेगळ्या गतीने फिरणारी दोन चाके एकमेकांत घुसवायची म्हणजे दातांवर दात आपटणारच. ती गती जुळवण्याचे काम चालकाच्या पायावर येऊन पडले. क्लच दाबा, गिअर काढा, क्लच सोडा, इंजिनाला थोडी गती द्या, पुन्हा क्लच दाबा आणि मग खालचा गिअर टाका. जुने ट्रकवाले याला ‘डबल क्लच’ म्हणत. कान तयार असल्याखेरीज ते जमत नसे. गवयाला सूर लागावा तसा या लोकांना गिअर लागे.

1928 साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीत अर्ल थॉम्प्सन याची नवी योजना आली. दात एकमेकांत जाण्याआधी दोन शंकूसारखे भाग एकमेकांवर घासायचे आणि दोन्ही चाकांची गती सारखी करायची. पुढे हे काम पितळी कड्याकडे आले. चालकाच्या कानाचे आणि पायाचे काम एका कड्याने पत्करले, असे म्हटले तरी चालेल. आपल्याकडे मात्र हे अर्धेमुर्धेच आले. जुन्या अँबॅसडरमध्ये वरच्या तीन गिअरांना कडी होती, पहिल्याला नव्हती. म्हणून चालत्या गाडीत पहिला टाकला की ती करकरे. 1957 च्या सुमारास सुरू झालेली ही गाडी 2014 साली बंद पडली. हिवाळी अधिवेशनाला नागपुरात तिच्या रांगा लागत, आणि अधिवेशनापेक्षा त्या रांगा पाहण्यातच आम्हा मुलांना अधिक रस असे.

आता मुद्द्याचे. या कड्याची ताकद फार थोडी असते. क्लचने इंजिन पूर्ण सोडवले असेल तरच ते गती जुळवू शकते. क्लच किंचित चिकटून राहिला तर बिचाऱ्या कड्याला सबंध इंजिनाशी कुस्ती खेळावी लागते. माझ्या एका शेजाऱ्यांच्या गाडीला नवी क्लच प्लेट बसली आणि गिअर पडेना. एका गॅरेजने सांगितले, गिअरबॉक्स उघडावा लागेल. तो खर्च ऐकून शेजारी गाडी भंगारात द्यायला निघाले होते. मी त्यांना एका वृद्ध मिस्त्रींकडे नेले. ते जागचे उठलेसुद्धा नाहीत. “इंजिन बंद करून गिअर टाकून पाहा न, मास्तर,” एवढेच म्हणाले. इंजिन बंद असताना चारही गिअर लोण्यासारखे पडले. म्हणजे गिअरबॉक्स निर्दोष, आरोपी क्लच.

पुढे तेच सांगू लागले. पेडलचा मोकळा चाळा फार ठेवला तर क्लच पुरता सुटत नाही. तेलाच्या दाबावर चालणारा क्लच असेल तर नळीत हवा राहिलेली असते. प्लेट उलटी बसवणारेही भेटतात. आणि गिअरबॉक्स चढवताना त्याचा भार शाफ्टवरून प्लेटवर लोंबकळू दिला, तर नवी कोरी प्लेट वाकते. शेजाऱ्यांच्या गाडीत हवाच निघाली. अर्ध्या तासात काम झाले.

इंजिन बंद असतानाही गिअर अडला तर गोष्ट निराळी. तेव्हा आधी दांडा पाहावा. अँबॅसडर आणि पद्मिनीचा दांडा स्टिअरिंगखाली, गिअरबॉक्स लांब. मधल्या सळ्या-सांध्यांची जुळणी दुरुस्तीत थोडी जरी हलली तरी एक गिअर पडतो आणि दुसरा रुसतो. डिसेंबरातल्या सकाळी जड पडणारा गिअर दुपारी सैल झाला, तर तेल चुकीचे किंवा फार घट्ट भरले असावे. फाजील निसरडे तेलही वाईट. त्यात कडे घसरते, पकड घेत नाही.

मला भीती वाटते ती वेगळ्याच दोषाची. गिअर पडतो, पण आपण होऊन निसटतो. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारे बोल्ट सैल राहिले, मधल्या पृष्ठभागावर कचरा राहिला किंवा दांडा पुरता आत जाईना, की असे होते. शहरात त्याने फक्त चिडचिड होते. पण सिवनीहून नागपूरकडे येताना कुरईचा घाट उतरायचा असतो. तिथे गाडीला आवरते ते खालच्या गिअरातले इंजिन. उतारावर तो गिअर सुटला, की सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो, आणि तापलेला ब्रेक किती वेळ धरेल याचा नेम नसतो. दुरुस्त झालेली गाडी कुणी त्या रस्त्याला नेणार असेल, तर मी आधी ते बोल्ट पुन्हा आवळून घ्यायला सांगतो. मिस्त्री कपाळाला आठ्या घालतात, पण पाना उचलतात.