चुकलेली घटका

सनावळ्यांशीं झगडण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें अशा आम्हां इतिहासाच्या अध्यापकांस एका गोष्टीचें नेहमीं नवल वाटतें. पानिपतच्या संग्रामाचा दिवस आम्ही प्रहरांच्या हिशेबानें सांगूं शकतों; परंतु जी घटना घरोघरीं दर महिन्यास घडते तिचा दिवस कोणता, याविषयीं विसाव्या शतकाचीं वीस वर्षें उलटलीं तरी जगांतील मोठमोठ्या वैद्यांचें एकमत नव्हतें. ही घटना म्हणजे स्त्रीच्या अंडाशयांतून बीज सुटणें. सुटलेलें बीज जेमतेम बारा ते चोवीस तास टिकतें; तेवढ्यांत पुरुषबीजाची गांठ पडली नाहीं तर तो महिना फुकट. अपत्याच्या आशेनें वैद्याच्या दारीं गेलेल्या आणि 'वांझ' हाच शब्द पदरांत घेऊन परतलेल्या स्त्रियांच्या दुःखांत या अज्ञानाचा वांटा मोठा आहे.

पुरुषबीज पिचकारीनें आंत पोंचविण्याची युक्ति कांहीं आजची नव्हे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनचा शल्यवैद्य जॉन हंटर यानें, शरीररचनेंतील दोषामुळें निपुत्रिक राहिलेल्या एका गृहस्थास ती सांगितली व ती फळास आली. १७९९ सालीं हंटरचा मेहुणा एव्हरर्ड होम यानें ती हकीकत रॉयल सोसायटीपुढें मांडली. तेथें अडचण फक्त वाटेची होती.

खरा अभ्यासण्याजोगा प्रसंग अमेरिकेंतील आहे. न्यूयॉर्कचा जे. मॅरियन सिम्स हाताचा विलक्षण कुशल. हा हात त्यानें अलाबामा प्रांतांत गुलाम स्त्रियांवर, भूल न देतां, शस्त्रक्रिया करून कमावला होता हें विसरतां येत नाहीं. त्याच कारणास्तव सेंट्रल पार्कालगतचा त्याचा पुतळा २०१८ सालीं हालविण्यांत आला. १८६६ च्या आपल्या ग्रंथांत त्यानें हिशेब दिला आहे: सहा स्त्रिया, पंचावन्न प्रयत्न. गर्भ राहिला तो एकीस, आणि तोही पुढें पडला. पिचकारींतले थेंब गर्भाशयांत जातांच त्या स्त्रियांना कळा येत. त्या सोसूनही त्या पुन्हा पुन्हा आल्या. निम्मे प्रयत्न आपल्याच हातून नीट साधले नाहींत असें सिम्स प्रांजळपणें कबूल करतो. परंतु ज्या चुकीची त्याला शंकाही आली नाहीं ती तिथीची होती. बीज रजःस्रावाच्या आगेमागेंच सुटतें असा त्याचा समज होता, आणि त्याच बेतानें तो दिवस धरी. दाराशीं जाऊन पोंचावें आणि घरांत कोणी नसावें, असें तें झालें.

ही चूक त्या एकट्याची नव्हे. १८२७ सालीं फॉन बेअर यानें कुत्रीच्या अंडाशयांत सस्तन प्राण्यांचें बीज प्रथम ओळखलें. त्यानंतर जर्मनींत बिशॉफ व फ्रान्सांत पूशे यांनीं असें प्रतिपादलें कीं समागम होवो न होवो, बीज आपल्या वेळेस आपोआप सुटतें. सिद्धांत बरोबर, पण त्याच्या पाठोपाठ एक अनुमान आलें. कुत्री माजावर येते तेव्हां रक्त जातें, मग स्त्रीचा रजःस्राव म्हणजे तोच प्रकार असला पाहिजे! वस्तुतः कुत्रीचें रक्त ही पाहुणे येण्यापूर्वींची धांदल आहे. स्त्रीचें रक्त म्हणजे पाहुणे न आल्यामुळें मोडलेला मांडव. दोहोंत दोन आठवड्यांचें अंतर, आणि या एका साम्याच्या मोहानें पाऊणशें वर्षें गेलीं.

आमच्याकडील ग्रंथ काढून दाखविण्याचा मोह येथें अनेकांस होतो. मनुस्मृतींत ऋतुकाल सोळा रात्रींचा सांगून पहिल्या चार, तसेंच अकरावी व तेरावी वर्ज्य केल्या आहेत, आणि अठ्ठावीस दिवसांच्या पाळींत बीज सुटण्याचा दिवस उरलेल्या दहांत पडतो हें खरें. पण एवढें मोठें जाळें टाकल्यावर मासा सांपडला, यांत कोळ्याचें विशेष कौतुक नाहीं. शिवाय पुत्रासाठीं सम रात्री व कन्येसाठीं विषम, हा हिशेबही तेथेंच शेजारीं आहे.

कोडें सुटलें तें जपानांत. नीगाता येथील वैद्य क्यूसाकू ओगिनो पोटाच्या शस्त्रक्रिया करतांना अंडाशयावरील ताज्या खुणा पाही आणि त्या रुग्णांच्या पाळीच्या तारखांशीं त्या ताडून घेई. १९२४ सालीं त्यानें निष्कर्ष प्रसिद्ध केला: मागच्या पाळीपासून पुढें मोजूं नये, पुढच्या पाळीपासून मागें मोजावें, बीज बारा ते सोळा दिवस आधीं सुटतें. ऑस्ट्रियांत ग्राझ येथें हर्मान क्नाउस स्वतंत्रपणें जवळजवळ याच मतास आला व १९२९ सालीं त्यानें तें मांडलें. ओगिनोची इच्छा मूल हवें असणाऱ्यांस साहाय्य करण्याची. जगानें मात्र त्याचें गणित मूल टाळण्यासाठीं वापरलें, आणि पुष्कळांना तें दगा देऊन गेलें.

कारण या गणितांत एक खोंच आहे. पुढची पाळी अजून यावयाची असतां तिच्यापासून मागें मोजणार कसें? थर्मामीटर लावून पाहावें, तर अंगाची उष्णता बीज सुटल्यानंतर वाढते. गाडी गेल्यावर स्टेशनाची घंटा वाजावी तसें तें. १९४० नंतरच्या दशकांत फिलाडेल्फियाच्या एडमंड फॅरिस यानें स्त्रीचें मूत्र लहान उंदरीणींस टोंचून त्यांच्या अंडाशयांच्या लालीवरून दिवस ठरविण्याचा खटाटोप केला. आगाऊ सूचना देणारा खरा निरोप्या पुढें हातीं आला: मेंदूखालच्या ग्रंथींतून निघणारा 'एल. एच.' हा स्राव. त्याची लाट उठली कीं साधारण ३४ ते ३६ तासांनीं बीज सुटतें. १९७७ च्या नोव्हेंबरांत इंग्लंडमधील ओल्डहॅमच्या परिसरांत स्टेप्टो व एडवर्ड्स हीच लाट पकडण्यासाठीं रुग्ण स्त्रियांचें मूत्र रात्रंदिवस दर तीन तासांनीं तपाशीत. त्या जागरणांतून २५ जुलै १९७८ रोजीं लुईज ब्राउन जन्मली.

गर्भाशयांत बीजारोपणाची जी पद्धति आज आय. यू. आय. या नांवानें आमच्या गांवोगांवच्या दवाखान्यांत पोंचली आहे, तींत घटकेचें महत्त्व अधिकच. स्वाभाविक संबंधांत पुरुषबीज गर्भाशयाच्या मुखाशीं असलेल्या स्रावांत पांच दिवसही तग धरतें. येथें तें धुऊन, कळा आणणारा द्रव काढून, थेट आंत सोडतात, आणि तो मुक्काम चुकतो. म्हणून सोनोग्राफीनें बीजाची पुटी अठरा-वीस मिलिमीटरची झालेली पाहून इंजेक्शन देतात व तेथून २४ ते ३६ तासांच्या आंत प्रक्रिया करतात. इतकें करूनही एका फेरींत शंभरांत दहा-पंधरा जणींसच दिवस जातात.

तेव्हां ज्या घरांत रात्रीं दहाचें इंजेक्शन चुकूं नये म्हणून मोबाइलचा गजर लावलेला असतो, त्या घरांतल्या वडीलधाऱ्यांनीं तिसऱ्या महिन्यास सुनेकडे पाहून निश्वास टाकूं नये. सिम्सच्या वहींत पंचावन्न आंकडे आहेत. ज्यांच्या अंगावर ते घडले त्या सहाजणींनीं स्वतःस काय म्हणून घेतलें असेल, त्याची नोंद त्यांत नाहीं.