सोया पूरके आणि रजोनिवृत्तीनंतरचे हृदयारोग्य

सोयाबीनमधील प्रथिन किंवा आयसोफ्लेव्होन ही संयुगे वेगळी काढून गोळी, कॅप्सूल वा भुकटीच्या रूपात विकली जातात. त्यांना सोया पूरके म्हणतात. पाळी कायमची थांबल्यावर येणारे गरम झोत कमी व्हावेत आणि हृदयविकार टळावा, या आशेने अनेक स्त्रिया ती घेतात. हृदयविकार टाळण्यासाठी या पूरकांचा उपयोग सिद्ध झालेला नाही. सोयाबीन अन्न म्हणून खाण्याचा लाभ मात्र माफक असला तरी खरा आहे.

पार्श्वभूमी : सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे मानतात. भारतीय स्त्रियांमध्ये ती सरासरी 46 ते 47 व्या वर्षी येते, तर पाश्चात्त्य देशांत 51 च्या सुमारास. या काळात अंडाशयांतून स्रवणारे ईस्ट्रोजेन झपाट्याने घटते. त्यामुळे एलडीएल कोलेस्टेरॉल वाढते, पोटाभोवती चरबी साचते आणि रक्तवाहिन्यांचा लवचीकपणा कमी होतो. जगभर स्त्रियांच्या मृत्यूंमागे हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार हेच सर्वांत मोठे कारण आहे.

बाहेरून संप्रेरके दिल्यास हृदयाचे रक्षण होईल, असे विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अनेक तज्ज्ञांना वाटत होते. अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या चाचणीने त्या समजाला धक्का दिला. ईस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र देण्याच्या या प्रयोगात 16,608 स्त्रिया होत्या. स्तनाचा कर्करोग, हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात यांचे प्रमाण वाढलेले दिसल्याने हा भाग जुलै 2002 मध्ये मुदतीपूर्वीच थांबवण्यात आला. त्यानंतर वनस्पतिजन्य पर्यायांकडे ओढा वाढला.

घटक व कार्य : जेनिस्टीन, डेडझीन आणि ग्लायसिटीन ही सोयाबीनमधील प्रमुख आयसोफ्लेव्होन होत. त्यांची रचना ईस्ट्रोजेनशी मिळतीजुळती असल्याने ती पेशींमधील ईस्ट्रोजेनच्या ग्राहींना चिकटतात. या ग्राहींचे अल्फा व बीटा असे दोन प्रकार असून आयसोफ्लेव्होनांचा कल बीटा ग्राहींकडे अधिक असतो. त्यांचा परिणाम ईस्ट्रोजेनपेक्षा पुष्कळ सौम्य असतो. आतड्यातील काही जीवाणू डेडझीनपासून इक्वॉल हे अधिक प्रभावी संयुग तयार करतात. पाश्चात्त्य लोकांत सुमारे एकचतुर्थांश ते एकतृतीयांश, तर जपानी लोकांत निम्म्याच्या आसपास व्यक्तींच्या शरीरात इक्वॉल बनते. एकच गोळी सर्वांना सारखी लागू न पडण्यामागे हे एक कारण असावे.

संशोधन : 1995 मध्ये 38 चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. रोज सरासरी 47 ग्रॅम सोया प्रथिन घेणाऱ्यांचे एलडीएल सुमारे 13 टक्क्यांनी घटल्याचे त्यात दिसले. त्या बळावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1999 मध्ये रोज 25 ग्रॅम सोया प्रथिनाबाबतचा हृदयारोग्याचा दावा वेष्टनावर छापू दिला. पुढील चाचण्यांत हा आकडा टिकला नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2006 मध्ये 22 चाचण्या तपासल्या, तेव्हा एलडीएलमधील घट जेमतेम 3 टक्के भरली. केवळ आयसोफ्लेव्होनांनी कोलेस्टेरॉलवर वा रक्तदाबावर ठोस परिणाम होत नसल्याने ही पूरके घेण्याची शिफारस संस्थेने केली नाही. 2017 मध्ये अन्न व औषध प्रशासनानेही आपला दावा मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला.

रजोनिवृत्त स्त्रियांवरील महत्त्वाची चाचणी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात झाली व तिचे निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. मधुमेह वा हृदयविकार नसलेल्या, 45 ते 92 वयाच्या 350 स्त्रिया तिच्यात होत्या. एका गटाला रोज 25 ग्रॅम सोया प्रथिन आणि त्यातून 91 मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन मिळत होते, तर दुसऱ्या गटाला दुधाचे प्रथिन. सुमारे 2.7 वर्षे मानेतील रोहिणीच्या भित्तीची जाडी मोजली गेली. सोया गटात जाडी वाढण्याचा वेग 16 टक्क्यांनी कमी होता, पण हा फरक सांख्यिकीय कसोटीवर उतरला नाही. पाळी थांबून पाच वर्षे न झालेल्या स्त्रियांमध्ये फरक 68 टक्के दिसला. मात्र हा उपगट लहान होता आणि निष्कर्ष कसोटीच्या सीमारेषेवर होता. लवकर सुरुवात केल्यास लाभ होऊ शकेल, ही शक्यता त्यातून पुढे आली, परंतु ती सिद्ध झालेली नाही. शिवाय भित्तीची जाडी हे केवळ एक लक्षण आहे. पूरकांमुळे झटके वा मृत्यू कमी होतात, असे कोणत्याही मोठ्या चाचणीने दाखवलेले नाही.

जपान व शांघाय येथील दीर्घकालीन पाहण्यांत भरपूर सोया खाणाऱ्या स्त्रियांमध्ये हृदयविकार कमी आढळला. या स्त्रिया तोफू, सोया दूध असे पदार्थ वर्षानुवर्षे जेवणात घेत होत्या. त्यामुळे त्या निष्कर्षांच्या आधारे गोळीची शिफारस करता येत नाही.

सुरक्षितता : युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2015 च्या आढाव्यात, नेहमीच्या मात्रांत आयसोफ्लेव्होन पूरकांनी रजोनिवृत्त स्त्रियांच्या स्तन, गर्भाशय वा थायरॉइडला अपाय होत असल्याचा पुरावा नसल्याचे म्हटले. तथापि रोज 150 मिलिग्रॅम पाच वर्षे घेतलेल्या काही स्त्रियांत गर्भाशयाचे अस्तर जाड झाल्याचे आढळले आहे. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या किंवा टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही पूरके घेऊ नयेत. थायरॉइडची गोळी आणि सोया यांच्यात काही तासांचे अंतर असावे.

आहारातील स्थान : मराठवाडा व विदर्भात सोयाबीन हे खरिपाचे प्रमुख पीक आहे, पण बहुतेक माल तेल गिरण्यांकडे जातो. सोया तेलात आयसोफ्लेव्होन जवळजवळ नसतात. गव्हाच्या दळणात थोडे सोयाबीन मिसळणे, सोयाबीनच्या वड्यांची भाजी किंवा तोफू हे सोपे मार्ग आहेत. कच्च्या सोयाबीनमधील काही घटक प्रथिनांच्या पचनात अडथळा आणतात, म्हणून ते नीट शिजवून वा भाजूनच खावे. तेलकट व चरबीयुक्त मांसाऐवजी सोया घेतल्यास संपृक्त मेद घटतो, तंतू वाढतात आणि हृदयाला खरा लाभ तेथून होतो.

मूल्यमापन : सोयाबीन हे उत्तम अन्न आहे. सोया पूरक हे हृदयाचे औषध नव्हे, आणि रक्तदाबाच्या वा कोलेस्टेरॉलच्या गोळीची जागा ते घेऊ शकत नाही. पाळी थांबल्यावर प्रत्येक स्त्रीने रक्तदाब, रक्तशर्करा व कोलेस्टेरॉल नियमित तपासावे, रोज चालावे आणि तंबाखू व मिश्री सोडावी. धाप, मळमळ, जबडा वा पाठ दुखणे, अकारण थकवा ही स्त्रियांमध्ये झटक्याची लक्षणे असू शकतात. ती अंगावर न काढता तातडीने रुग्णालय गाठावे.