वळचणीच्या पाण्याचा हिशेब

आढ्याचं पाणी वळचणीला येणारच. पण तिथून पुढे ते कुणाच्या दारात जाणार, या प्रश्नातून आमच्या मुंबईच्या उपनगरांतली पन्हळ जन्माला आली.

मरोळ, आंबोलीसारख्या गावांत घराभोवती अंगण असे. पागोळ्या स्वतःच्याच अंगणात पडत, पाणी माडाच्या आळ्यात वळवलं की काम भागे. फार तर उभा चिरलेला बांबू किंवा पोफळीचं कोरलेलं खोड दारावर बांधत. 1853 साली बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू झाली, आणि पुढच्या काळात घाटकोपर, मुलुंडची वस्ती रुळांच्या आधारानं वाढली. तिकडे 1865 साली बासेल मिशननं मंगळुरात कौलांचा कारखाना काढला. खाचेत खाच बसणारी ही कौलं समुद्रमार्गे मुंबईत येऊ लागली. नळीच्या कौलांसारखी ती दर वर्षी शाकारावी लागत नसत. पण ज्या चाळींवर ती चढली, त्या एकमेकींना खेटून होत्या. एका छपराचं पाणी थेट समोरच्याच्या उंबऱ्यावर पडू लागलं. आता पन्हळ लावण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

माझे वडील घाटकोपरला पत्र्याचं काम करत. रॉकेलचे रिकामे डबे कापून, सपाट करून, डाख देऊन ते पन्हळी जोडत. ऐपत असेल त्याच्यासाठी जस्ताचा पत्रा. मे महिन्यात त्यांना जेवायला फुरसत नसे, कारण मृगाच्या आत प्रत्येकाला पन्हळ हवी असे. बसवून झाली की वरच्या टोकाला तांब्याभर पाणी ओतत. ते मध्ये कुठेही न थबकता खाली आलं, तरच पैसे घेत. चाळीत पन्हळ साफ करायचा दिवस ठरलेला असे. शिडी एकाची, खराटा दुसऱ्याचा. बदामाची पानं, फुटक्या कौलांचे तुकडे, चिमण्यांची घरटी असा सगळा गाळ टोपलीनं खाली येई. कुणी टाळाटाळ केली, तर पहिल्याच सरीत सगळ्यांना कळे.

1950 आणि 1957 साली उपनगरं टप्प्याटप्प्यानं महापालिकेत आली. 1960 चा सहकारी संस्थांचा कायदा झाला, आणि बैठ्या चाळींच्या जागी सपाट गच्चीच्या सोसायट्या उभ्या राहू लागल्या. पन्हळीची जागा बिडाच्या उभ्या पाइपानं घेतली. मग सिमेंटचे पाइप आले, पुढे पीव्हीसीचे. गच्चीच्या कोपऱ्यात एक जाळी आणि तिच्याखाली पाइप, एवढंच उरलं. पाणी नजरेआड गेलं आणि सगळ्यांची जाळी कुणाचीच राहिली नाही.

त्या जाळीत आता संक्रांतीचा मांजा, कबुतरांची पिसं आणि उखडलेल्या डांबराचे तुकडे अडकतात. पाइपाच्या सांध्यात पिंपळ रुजतो. पाणी तुंबलं की ते स्लॅबमध्ये मुरतं, आतली सळई गंजून फुगते आणि वरच्या मजल्यावरच्या माणसाच्या छताचे पोपडे पडतात.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. म्हणजे शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर त्या दिवशी 94 हजार 400 लिटर पाणी पडलं असतं. त्याच्या वाटेत मूठभर पिसं असली, तर काय होईल हे वेगळं सांगायला नको.

म्हणून मी मुलुंडच्या आमच्या सोसायटीत आग्रहानं सांगतो: मे संपण्याआधी जाळ्या उचला, पाइपात बादलीभर पाणी ओता आणि ते खालच्या चेंबरपर्यंत पोचतंय का, हे स्वतः उभं राहून पाहा. पहिल्या मोठ्या सरीनंतर पुन्हा एकदा गच्चीवर जा. वॉटरप्रूफिंगवर लाखो रुपये घालण्याआधी हे एवढं करा. आपल्या छताचं पाणी शेजाऱ्याला बाधू न देणं हा चाळीतला शेजारधर्म होता. इमारत उंच झाली म्हणून तो सुटत नाही.