पूर्वसूचना आणि भांडवल : बार्शी लाइट रेल्वेच्या हस्तांतराचा एक अभ्यास

टपाल खात्याला भागधारक नसतो, निदान हिंदुस्थानात तो कधी नव्हता. १८३७ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने पत्रवाहतुकीचा मक्ता स्वतःकडे घेतला आणि १८५४ च्या कायद्याने त्यास स्थिर स्वरूप दिले. निजामाच्या राज्यात १८६९ पासून स्वतंत्र तिकिटे निघू लागली. परंतु तेथेही टपाल हे दरबाराचेच खाते होते आणि १९५० साली ते भारत सरकारच्या टपाल खात्यात विलीन झाले. त्यामुळे ११ जुलै १९४६ रोजी टपाल कर्मचाऱ्यांचा देशव्यापी संप सुरू झाला, तेव्हा पत्रे अडली, मनीऑर्डरी अडल्या, पण कोणाचा लाभांश बुडाला नाही. याउलट इंग्लंडात २०१३ साली रॉयल मेलचे समभाग ३३० पेन्सला विक्रीस निघाले, त्याच महिन्यात तेथील कामगारांनी संपाच्या बाजूने कौल दिला, आणि २०१९ साली मजूर पक्षाने ते टपाल पुन्हा सरकारजमा करण्याचे अभिवचन आपल्या निवडणूक जाहीरनाम्यात दिले. संप आणि राष्ट्रीयीकरण या दोन भयांचा गुंतवणूकदाराच्या हिशोबावर काय परिणाम होतो, हा प्रश्न तेथे थेट टपालाविषयी विचारता येतो. मराठवाड्यापुरता तो विचारावयाचा, तर टपाल, माल आणि उतारू वाहून नेणाऱ्या खाजगी कंपन्यांकडे वळावे लागते. अशा कंपन्यांत लातूरपर्यंत पोहोचलेल्या बार्शी लाइट रेल्वेइतके बोलके उदाहरण दुसरे नाही.

तुलनेसाठी प्रथम नांदेडकडे पाहणे इष्ट होय. निजाम राज्यातील वाडी-सिकंदराबाद हा पहिला लोहमार्ग १८७४ साली सुरू झाला तो मुख्यतः दरबाराच्या पैशावर. १८८३ मध्ये लंडनच्या भांडवलदारांशी करार होऊन ‘निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे’ कंपनी उभी राहिली. या करारान्वये भांडवलावर द. सा. द. शे. ५ या दराने वीस वर्षे व्याज देण्याची हमी दरबाराने स्वीकारली. चांदा रेल्वे योजना या नावाने गाजलेल्या या व्यवहाराला हैदराबादेत उघड विरोध झाला. अघोरनाथ चट्टोपाध्याय यांना त्याच वर्षी राज्याबाहेर जावे लागले, ते या विरोधात पुढाकार घेतल्यामुळे. राज्याच्या तिजोरीने धोका पत्करावा आणि नफा मात्र परदेशी जावा, असा आक्षेपाचा गाभा होता, आणि तो निराधार नव्हता. हमी असलेल्या गुंतवणूकदारास वाहतूक थांबण्याची फारशी चिंता करावी लागत नाही. त्याचे लक्ष गाडीपेक्षा दरबाराच्या पतीकडे असते. याच कंपनीच्या व्यवस्थापनाखाली हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेचा मीटरमापी मार्ग निजामाबाद, नांदेड, परभणी, जालना व औरंगाबादवरून मनमाडला १९००-०१ च्या सुमारास मिळाला. १ एप्रिल १९३० रोजी दरबाराने कंपनीचा सर्व पसारा विकत घेतला. यास राष्ट्रीयीकरण म्हणावे की सावकाराचे देणे फेडून गहाण सोडविणे म्हणावे, हा शब्दाचा प्रश्न आहे. १९५० मध्ये ती रेल्वे केंद्र सरकारकडे आणि ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वेत गेली. त्या वेळी नुकसानभरपाई मागणारा कोणी खाजगी भागधारक उरलेलाच नव्हता.

लातूरची कथा याहून निराळी. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हा जी. आय. पी. रेल्वेत नोकरीस असलेला अभियंता. मुख्य मार्गापासून दूर राहिलेल्या बार्शीच्या बाजारपेठेस अडीच फूट रुंदीच्या हलक्या मार्गाने जोडावे, ही कल्पना त्याने अनेक वर्षे लावून धरली. १८९५ साली लंडनमध्ये कंपनी नोंदविली गेली आणि त्याच वर्षी १ ऑगस्टला भारतमंत्र्याशी तिचा करार झाला. १८९७ मध्ये कुर्डूवाडी ते बार्शी गाडी धावू लागली. पुढे मार्ग एकीकडे पंढरपूरला, दुसरीकडे निजामाच्या हद्दीत शिरून १९११ मध्ये लातूरला, आणि १९२७ मध्ये मिरजेस पोहोचला. पंढरीचे वारकरी आणि लातूर-बार्शीचा कापूस, गळिताची धान्ये व भुसार ही या रेल्वेची खरी मिळकत होती.

या करारातील एक कलम प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. किमान बारा महिन्यांची लेखी पूर्वसूचना देऊन संपूर्ण उपक्रम विकत घेण्याचा हक्क भारतमंत्र्याने त्यात राखून ठेवला होता. म्हणजे राष्ट्रीयीकरणाचे भय या कंपनीच्या जन्मपत्रिकेतच लिहिलेले होते. भागधारकाने समभाग घेतला तो ही अट माहीत असताना. असे भय आणि अचानक निघणाऱ्या अध्यादेशाचे भय यांत मोठे अंतर आहे. कराराने बांधलेले भय मोजता येते, लाभांशाच्या अपेक्षेतून वजा करता येते. आणि वर्षभराच्या सूचनेच्या अवधीत हिशोब आवरता येतो. १८७० मध्ये इंग्लंडच्या सरकारने खाजगी तारकंपन्या टपाल खात्यासाठी घेतल्या, तेव्हा मोबदला वीस वर्षांच्या निव्वळ नफ्याइतका ठरला. तेथे सरकारच्या खरेदीचे वृत्त भागधारकांस भयापेक्षा पर्वणीच वाटले असले पाहिजे. मात्र डिसेंबर १८७१ मध्ये तारयंत्र चालविणाऱ्यांचा संप झाला, तो नव्या मालकास, म्हणजे सरकारास, तोंड द्यावा लागला. जुने मालक तोपर्यंत पैसे घेऊन बाहेर पडले होते.

बार्शीच्या भागधारकास वाऱ्याची दिशा कळण्यास अवकाश होता. ॲक्वर्थ समितीच्या १९२१ च्या अहवालानंतर १९२५ मध्ये ईस्ट इंडियन व जी. आय. पी. या रेल्वे सरकारच्या व्यवस्थापनाखाली आल्या. १९४२ मध्ये बी. बी. अँड सी. आय., १९४४ मध्ये मद्रास अँड सदर्न मराठा, साउथ इंडियन व बंगाल-नागपूर या एकामागून एक गेल्या. मोठे वृक्ष तोडले गेल्यावर उरलेल्या झुडपाने आपली पाळी ओळखावी, तशी ही स्थिती होती. कोणत्याही मुदतबंद करारात अखेरच्या काळात नवे भांडवल घालण्याची इच्छा मंदावते, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास वेगळी सांगावयास नको.

संपाच्या भयाचे स्वरूप मात्र इतके सुटसुटीत नव्हते. कुर्डूवाडीस बार्शी लाइट रेल्वेचा माल जी. आय. पी. च्या गाड्यांत चढवावा लागे, आणि मिरजेचा फाटा होईपर्यंत बाहेरच्या जगाशी संबंध ठेवण्याचे तेच प्रमुख द्वार होते. फेब्रुवारी १९३० मध्ये जी. आय. पी. च्या कामगारांनी मोठा संप केला, तेव्हा ती रेल्वे सरकारी व्यवस्थापनाखाली होती. म्हणजे सरकारविरुद्धच्या तंट्याची झळ शेजारच्या खाजगी कंपनीस बसण्याची शक्यता या जोडणीतच अंतर्भूत होती. १९४७ च्या औद्योगिक कलह कायद्याने रेल्वे व टपाल या दोन्ही सेवा लोकोपयोगी सेवांच्या एकाच यादीत घातल्या. अशा सेवेत नोटीस दिल्याशिवाय आणि त्यानंतर चौदा दिवस लोटल्याशिवाय केलेला संप बेकायदेशीर ठरविण्यात आला. संपाच्या धमकीलाच अशा रीतीने कायद्याचे रूप व मुदत लाभली. सरकारने कंपनीस द्यावयाची सूचना बारा महिन्यांची आणि कामगारांनी मालकास द्यावयाची चौदा दिवसांची. मालकाने कामगारांस किती द्यावी, याचे उत्तर १९५३ मध्ये मिळाले.

१९ डिसेंबर १९५२ रोजी रेल्वे बोर्डाने राष्ट्रपतींच्या वतीने कंपनीस कळविले की, १ जानेवारी १९५४ पासून उपक्रम सरकार विकत घेत आहे. बारा महिन्यांची अट अशा प्रकारे तेरा दिवस राखून पाळली गेली. कंपनीने आपल्या कामगारांस नोटीस दिली ती ११ नोव्हेंबर १९५३ रोजी : ३१ डिसेंबरच्या दुपारनंतर सर्वांच्या नोकऱ्या संपुष्टात येतील, आणि इच्छुकांस सरकार नोकरीत घेईल, परंतु अटी मागाहून कळतील. मालकास वर्षाहून अधिक, कामगारास पन्नास दिवस. त्याच वर्षी १ ऑगस्टला, ज्यांचा जन्मच १९३२ च्या टपालवाहू विमानांतून झाला होता, त्या विमानकंपन्याही स्वतंत्र कायद्याने सरकारजमा झाल्या. हैदराबादची डेक्कन एअरवेज त्यांत होती.

कंपनीची नोटीस निघण्यापूर्वी अवघे अठरा दिवस, म्हणजे २४ ऑक्टोबर १९५३ पासून, औद्योगिक कलह कायद्यात नवी तरतूद अमलात आली होती. कामगारकपात झाल्यास पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन मालकाने भरपाई म्हणून द्यावे, असे ती सांगत होती. बहुतेक कामगारांस सरकारने सामावून घेतले. तथापि जुन्या कंपनीची नोकरी संपली ती संपलीच, तेव्हा भरपाई मिळाली पाहिजे, अशी मागणी कामगारांच्या वतीने पुढे आली. उच्च न्यायालयाच्या अहवालांत हा दावा के. एन. जोगळेकर विरुद्ध बार्शी लाइट रेल्वे कंपनी या नावाने नोंदला गेला आहे. ‘कोणत्याही कारणास्तव’ केलेली सेवासमाप्ती म्हणजे कपात, अशी व्याख्या कायद्यात असल्याने मुंबई उच्च न्यायालयाने कामगारांच्या बाजूने निर्णय दिला.

या दाव्याचा अर्थ गुंतवणूकदाराच्या दृष्टीने लावून पाहिला पाहिजे. उपक्रम गेल्यावर कंपनीजवळ उरणार होती ती प्रामुख्याने खरेदीची रक्कम. कामगारांची भरपाई जाणार ती भागधारकांच्या या अखेरच्या वाटणीतून. साठ वर्षांपूर्वीच्या करारात खरेदीहक्क होता, पूर्वसूचना होती; पण हस्तांतराच्या दिवशी कामगारांचे काय, हा प्रश्नच त्यात नव्हता. भागधारकाने ज्या धोक्याची किंमत कधी धरली नाही, तो हा धोका होता. म्हणूनच गाडी सरकारची झाल्यानंतरही कंपनी न्यायालयात लढत राहिली.

२७ नोव्हेंबर १९५६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने बडोद्याच्या श्री दिनेश मिल्सच्या प्रकरणासह या अपिलाचा निकाल दिला. निकालपत्र न्या. एस. के. दास यांचे आहे. चालू असलेल्या उद्योगातून अतिरिक्त ठरलेल्या कामगारास काढणे म्हणजे कपात. उद्योगच बंद झाला किंवा खऱ्या अर्थाने दुसऱ्याच्या हाती गेला, तर त्या सेवासमाप्तीस कपात म्हणता येत नाही, असे त्यात ठरले. कामगारांचा दावा फेटाळला गेला. शब्दाच्या सामान्य अर्थाच्या दृष्टीने हा निर्णय समर्थनीय असेल. पण राष्ट्रीयीकरणाच्या व्यवहारात ज्यास कोणतीही वाटाघाट करता आली नव्हती, त्याच पक्षाच्या पदरी अनिश्चितता टाकणारा तो होता, हे नाकारता येत नाही. समाजवादी धाटणीची समाजरचना हे ध्येय जाहीर केलेल्या सरकारच्या खरेदीत संरक्षण मिळाले ते लंडनच्या भागधारकास, ही विसंगती मासलेवाईक आहे.

नांदेडची उस्मानशाही गिरणी १९७४ च्या आजारी कापडगिरण्या राष्ट्रीयीकरण कायद्याने सरकारकडे गेली, तेव्हा अशा कराराचा आधार कोणासच नव्हता. मालकांस द्यावयाच्या रकमा कायद्याच्या परिशिष्टातच ठरविल्या गेल्या. तो निराळ्या अभ्यासाचा विषय आहे.

बार्शी निकालानंतरची प्रतिक्रिया त्वरेची होती. एप्रिल १९५७ मध्ये अध्यादेश निघाला आणि पाठोपाठ त्या वर्षीच्या अठराव्या अधिनियमाने औद्योगिक कलह कायद्यातील कलम २५ फफ च्या जागी नवे कलम आले. उपक्रम एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेल्यास, नोकरी अखंड धरून त्याच अटींवर चालू ठेवली गेली नाही, तर कपात झाल्याप्रमाणेच भरपाई द्यावी, असे त्यात स्पष्ट झाले. ही सुधारणा पूर्वलक्षी होती. तिचा अंमल २८ नोव्हेंबर १९५६ पासून धरण्यात आला. कुर्डूवाडी, बार्शी व लातूर येथील कामगारांचा निकाल त्याच्या आदल्या दिवशी लागला होता.