फादर आंद्राद आणि त्यांचे सोबती

पावसाळा सुरू झाला की आमच्या दादर-परळकडच्या तरुणांची पावले सह्याद्रीकडे वळतात. शनिवारी रात्री शेवटच्या कसारा नाहीतर कर्जत लोकलने निघायचे, आणि रविवारी संध्याकाळच्या मिस्साला चिखलाने माखलेल्या बुटांनिशी मागच्या बाकावर येऊन बसायचे, हा त्यांचा नेम. मी रागावत नाही; मिस्सा चुकवीत नाहीत हेच पुष्कळ. त्यांच्यापैकी काही जण एका उन्हाळ्यात लालबाग आणि गिरगावातल्या आपल्या मित्रांसह हिमालयातील एक उंच खिंड ओलांडावयास निघाले. आदल्या दिवशी आशीर्वाद घ्यायला आले तेव्हा त्यांतल्या एकाने विचारले, "फादर, आपल्यापैकी कुणी पूर्वी हिमालय ओलांडून गेलंय का हो?"

'आपल्यापैकी' या शब्दाने त्याला काय म्हणायचे होते ते मी समजलो. त्याला तेव्हा पायरीवर उभ्या उभ्या जे सांगितले, तेच येथे थोडे विस्ताराने लिहीत आहे.

हिमालय ओलांडून तिबेटात उतरल्याचा लेखी वृत्तांत मागे ठेवणारा पहिला युरोपीय माणूस हा एक येशूसंघीय धर्मगुरू होता. त्याचे नाव फादर अँतोनिओ द आंद्राद. हे आडनाव आपल्याला परके नाही; उत्तर कोकणातल्या ख्रिस्ती कुटुंबांत ते आजही आहे. फादर आंद्राद यांचा जन्म १५८० साली पोर्तुगालमधील ओलेइरोस या गावी झाला. अकबर बादशहाच्या निमंत्रणावरून येशूसंघाचे पहिले धर्मगुरू गोव्याहून फत्तेपूर शिक्रीला पोहोचले ते याच साली. १५९६ मध्ये आंद्राद येशूसंघात दाखल झाले. दादरच्या आपल्या पोर्तुगीज चर्चची स्थापना फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी केली ती याच वर्षी, असे सांगतात. योगायोगांना फार अर्थ चिकटवू नये. पण सनावळी पाठ करणाऱ्या मुलांना अशा खुणा उपयोगी पडतात. १६०० साली ते गोव्याला आले आणि पुढे आग्र्याच्या मोगल मिशनचे प्रमुख झाले. फारसी त्यांना चांगली अवगत होती.

ते हिमालयाकडे का वळले, हे समजून घेण्यासाठी त्या काळातील एका समजुतीकडे पाहावे लागते. मध्य आशियात कोठेतरी, डोंगरांच्या पलीकडे, जगाशी संबंध तुटलेला एक ख्रिस्ती समाज आहे, त्यांची मंदिरे आहेत, त्यांचे धर्मगुरू आहेत, अशी वार्ता व्यापाऱ्यांच्या तोंडून युरोपात आणि आग्र्यात सतत येत असे. ती सर्वस्वी निराधार नव्हती. पूर्वेकडील सिरियन परंपरेचे ख्रिस्ती एके काळी चीनपर्यंत पसरलेले होते. या वार्तेचा शोध घेण्यासाठी ब्रदर बेंतो द गोइश यांना आग्र्याहून पाठविण्यात आले होते. ते काबूल, पामीर आणि यारकंदच्या वाटेने चीनच्या सीमेवर पोहोचले आणि १६०७ साली तेथेच मरण पावले. ज्याला लोक कॅथे म्हणतात तो चीनच होय, एवढे त्यांच्या प्रवासाने सिद्ध झाले. पण हरवलेले ख्रिस्ती बंधू काही सापडले नाहीत. मग ते तिबेटात असतील, अशी आशा मागे उरली. माणूस आशेला सहजासहजी सोडीत नाही. धर्मगुरू तर मुळीच नाही.

१६२४ च्या ३० मार्च रोजी फादर आंद्राद आग्र्याहून निघाले. सोबत ब्रदर मानुएल मार्केस आणि दोन ख्रिस्ती नोकर. दिल्लीत त्यांना कळले की हिंदू यात्रेकरूंचा एक मोठा तांडा बद्रिनाथला निघत आहे. अशी संधी पुन्हा येणार नाही, हे ओळखून त्यांनी झगे गाठोड्यात बांधले, यात्रेकरूंसारखा वेष केला आणि त्या तांड्यात सामील झाले. हरद्वारहून पुढे अलकनंदेच्या काठाकाठाने, एका वेळी एकच पाऊल मावेल अशा कड्यांवरून वाट होती. नदीवर ठिकठिकाणी गोठलेल्या बर्फाचे पूल होते आणि त्यांच्या पोटातून पाणी गर्जत वाहत होते. यात्रेकरू चालता चालता बद्रिनाथाचा जयघोष करीत. वृद्ध माणसेही ही वाट तुडवीत होती. आपल्या देवासाठी हे लोक एवढे कष्ट सोसतात, मग आपण मागे का राहावे, असा विचार फादर आंद्राद यांच्या मनात आला, आणि तो त्यांनी प्रांजळपणे नमूद करून ठेवला आहे.

गढवालच्या राजाची राजधानी श्रीनगर येथे मात्र त्यांची कसून चौकशी झाली. तुम्ही व्यापारी नाही, माल नाही, मग तिबेटात काय काम? फादरनी सांगितले, मी पोर्तुगीज आहे, माझा एक भाऊ पुष्कळ वर्षांपूर्वी तिकडे गेला आहे, त्याच्या शोधात निघालो आहे. गाठोड्यातला काळा झगा सापडला तेव्हा म्हणाले, भाऊ मरण पावला असल्याचे कळले तर दुखवट्यासाठी तो बरोबर घेतला आहे. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना आम्ही अशा उत्तरांवर तासन् तास वाद घालीत असू. हे असत्य की मनात काही राखून बोललेले सत्य? 'भाऊ' म्हणजे ते हरवलेले ख्रिस्ती बंधू, असा बचाव करता येतो, आणि येशूसंघीय तो नक्कीच करतील. मला विचाराल तर राजाचे अधिकारी फसले आणि फादरना ते फसावेत असेच वाटत होते. त्यांच्या मोठेपणाला त्यामुळे बाध येतो असे मात्र मी म्हणणार नाही.

बद्रिनाथला उष्ण पाण्याची कुंडे आहेत, बर्फातून आलेल्या यात्रेकरूंना ती केवढा दिलासा देतात हे तेथे जाऊन आलेल्यांना ठाऊक आहे. त्यापुढे तीन-चार किलोमीटरवर माणा हे गाव, आणि त्याच्यापुढे सुमारे ५,६०० मीटर उंचीची माणा खिंड. तिच्यापलीकडे तिबेट. वर्षातून जेमतेम दोन महिने ही वाट मोकळी असे. तोवर माण्यात थांबणे शहाणपणाचे होते. पण श्रीनगरहून परत बोलावणे येईल ही धास्ती होती. म्हणून ब्रदर मार्केस यांना मागे ठेवून, ते दोन ख्रिस्ती तरुण आणि माण्याचा एक वाटाड्या एवढ्यांनिशी फादर वेळेआधीच निघाले.

भीती खरी ठरली. दोन-तीन दिवसांत मागून माणसे येऊन थडकली. परत फिर, नाहीतर तुझ्या बायकामुलांचे काही खरे नाही, असे त्यांनी वाटाड्याला बजावले. तो बिचारा परतला. त्याला दोष कोण देईल? फादर आणि ते दोघे तरुण मात्र पुढे गेले. गुडघ्यापर्यंत, कधी कमरेपर्यंत, कधी छातीपर्यंत बर्फ. रात्री एक घोंगडी खाली अंथरायची, उरलेल्या दोन तिघांनी मिळून पांघरायच्या, आणि मधूनमधून उठून अंगावर साचलेले बर्फ झटकायचे, नाहीतर झोपेतच गाडले जायचे. खायला भाजलेल्या जवाचे पीठ, तेच पाण्यात कालवून प्यायचे. हातापायांची संवेदना इतकी नाहीशी झाली की एकदा कशाला तरी हात लागून बोटाचा तुकडा पडला, तो त्यांना रक्त पाहिल्यावर कळला. बर्फाच्या चकाकीने डोळे गेल्यासारखे झाले. पुढे पंचवीस दिवसांहून अधिक काळ आपल्याला ब्रेव्हिअरीतले एक अक्षरही ओळखता आले नाही, असे त्यांनी लिहिले आहे. बोटाबद्दल ते सहज लिहून जातात. नित्यप्रार्थना चुकल्याची नोंद मात्र जपून करतात. आम्हा धर्मगुरूंना या वाक्यापाशी थांबावेसे वाटते.

आणखी एक गोष्ट त्यांनी टिपून ठेवली. या उंचीवर जमिनीतून विषारी वाफा निघतात आणि धडधाकट माणूस पाहता पाहता मरतो, असे तिथले लोक सांगत. फादरचे मत वेगळे होते: हा थंडीचा आणि उपासमारीचा परिणाम असावा. खरे कारण दोघांनाही ठाऊक नव्हते. विरळ हवेत प्राणवायू अपुरा पडतो हे कळायला अजून बराच काळ जायचा होता. आमची मुले आता बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू मोजतात आणि आकडा घसरला की खाली उतरतात.

अखेर ते खिंडीच्या माथ्यावर पोहोचले. पुढे तिबेटचे विस्तीर्ण पठार होते, पण अधू झालेल्या डोळ्यांना सारे एकच पांढरे दिसले. वाट नाही, खूण नाही, वाटाड्या नाही. सोबतचे दोघे तरुण थकून गेले होते. फादर आंद्राद मागे फिरले. मला या प्रवासातला हा सर्वांत मोठा क्षण वाटतो. त्यांनी हट्ट धरला असता तर त्या दोघांचे प्राण गेले असते, आणि बहुधा हा वृत्तांत लिहायलाही कोणी उरले नसते.

परतीच्या वाटेवर ब्रदर मार्केस भेटले. बर्फ वितळेपर्यंत सर्वांनी मुक्काम केला. दरम्यान पलीकडच्या गुगे राज्याच्या राजाकडे निरोप गेला, आणि त्याने वाटाडे व घोडे पाठविले. ऑगस्ट १६२४ च्या आरंभी ते त्सापरांग या राजधानीत पोहोचले. कड्यात खोदलेले, मातीच्या रंगाचे ते नगर. हरवलेले ख्रिस्ती तेथे नव्हते. होते ते बौद्ध लामा. त्यांचे मठ, त्यांची स्तोत्रे, त्यांचे विधी पाहून फादरना प्रथम ओळखीच्या खुणा दिसल्या, कारण त्या पाहण्यासाठीच ते गेले होते. राजाने मात्र मनापासून स्वागत केले आणि पुन्हा येण्याच्या अटीवर निरोप दिला. नोव्हेंबरच्या प्रारंभी ते आग्र्याला पोहोचले, आणि ८ नोव्हेंबर १६२४ या तारखेचे त्यांचे पत्र १६२६ साली लिस्बनमध्ये छापले गेले.

दिलेल्या शब्दाप्रमाणे १६२५ साली ते पुन्हा गेले आणि १६२६ च्या ईस्टरच्या सुमारास त्सापरांग येथे चर्चची पायाभरणी झाली. पुढचा इतिहास सुखाचा नाही. राजाचा सख्खा भाऊ तेथील प्रमुख लामा होता. राजा परक्या धर्मगुरूंना जवळ करतो आणि मठांचे बळ कमी करतो, हे लामांना सहन झाले नाही. १६३० साली बंड झाले, लडाखचा राजा सेंगे नामग्याल याला पाचारण करण्यात आले, आणि गुगेचे राज्य बुडाले. चर्चही उद्ध्वस्त झाले. आमच्या धर्मग्रंथालयांतील जुन्या पुस्तकांत याला केवळ 'लामांचा छळ' म्हटलेले आढळते. ते अर्धेच खरे आहे. राजाच्या कृपेवर उभारलेले मिशन राजाबरोबर कोसळते. आणि आपल्या पाहुण्यांपायी एका राजाचे सिंहासन गेले, याची थोडी तरी जबाबदारी आपल्या लोकांवर येते. फादर आंद्राद तोवर येशूसंघाचे प्रांताधिकारी म्हणून गोव्यात आले होते. १९ मार्च १६३४ रोजी गोव्यातच त्यांचा विषप्रयोगाने मृत्यू झाला. ज्याला हिमालयाने सोडले त्याचा असा शेवट व्हावा!

फादर आंद्राद यांच्याविषयी लिहिणारे बहुधा येथे थांबतात. पण त्या मुलाचा प्रश्न 'आपल्यापैकी कुणी' असा होता, 'कुठला फादर' असा नव्हता. ब्रदर मार्केस हे धर्मगुरू नव्हते. मिस्सा अर्पण करण्याचा अधिकार नसलेले, सामान वाहणारे, वाटाघाटी करणारे, मागे राहून पुरवठा सांभाळणारे साधे ब्रदर. त्यांचा कोणताही ग्रंथ लिस्बनमध्ये छापला गेला नाही. १६४० साली तिबेटचे मिशन पुन्हा सुरू करण्याचा एक प्रयत्न झाला, तेव्हा वाट ठाऊक असलेला माणूस म्हणून त्यांनाच पुढे पाठविण्यात आले. पहिल्या प्रवासाला तेव्हा सोळा वर्षे लोटली होती. सीमेपलीकडे जाताच ते पकडले गेले. बरोबरचे फादर मालपिकी निसटून परत आले. ब्रदर मार्केस अडकले. १६४१ साली कैदेतून लिहिलेले त्यांचे पत्र आग्र्याला पोहोचले. त्यात सुटकेची विनवणी होती. त्यानंतर त्यांच्याविषयी काहीही कळले नाही.

ही सारी हकिगत पुढे जवळजवळ विस्मृतीत गेली होती. १९२४ मध्ये, पहिल्या प्रवासाला तीनशे वर्षे झाली त्या वर्षी, डच येशूसंघीय फादर वेसेल्स यांनी जुनी पत्रे चाळून मध्य आशियातील येशूसंघीय प्रवाशांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानंतर दोनच वर्षांनी आपल्या धोबी तलावच्या सेंट झेविअर्स कॉलेजात फादर हेन्री हेरास यांनी आपली इतिहास संशोधन संस्था स्थापन केली. गिरगावातून चालत जाण्याच्या अंतरावर ही संस्था आहे. आमच्या तरुणांनी डोंगराची वाट धरण्यापूर्वी कधीतरी तिचाही जिना चढावा, अशी माझी जुनी तक्रार आहे. १९६२ च्या युद्धानंतर माणा खिंडीतून चालणारा व्यापार बंद पडला. आता तेथे लष्कराचा पहारा असतो.

मुले सुखरूप परतली. एकाचे डोळे दोन दिवस लाल होते. गॉगल काढून फोटो काढल्याचे त्याने नंतर कबूल केले. दुसऱ्याने विचारले, "फादर, ते दोन नोकर होते ना, वरपर्यंत गेलेले, त्यांची नावं काय?" फादर आंद्राद यांच्या वृत्तांतात ती नावे नाहीत, एवढेच मला सांगता आले. त्या नोव्हेंबरात मृतांच्या मिस्साकरिता नावे लिहून घेत होतो. एका पाकिटात चिठ्ठी निघाली: 'ब्रदर मानुएल मार्केस, दोन ख्रिस्ती तरुण आणि माण्याचा वाटाड्या.' आमच्या कचेरीत नोंदवही सांभाळणारे गृहस्थ चष्मा वर करून म्हणाले, "फादर, हे मार्केस कुठल्या वाडीतले?"