शस्त्रक्रियेनंतरचे दिवस

ता. १२ जानेवारी १९२४ च्या रात्रीं पुण्याच्या ससून रुग्णालयांत कर्नल मॅडॉक यांनीं गांधीजींच्या आंत्रपुच्छावर शस्त्रक्रिया केली. वादळानें विजेचे दिवे गेले, परिचारिकेच्या हातांतील बॅटरीही विझली, आणि शेवटीं कंदिलाच्या उजेडांत काम पुरें झालें. ही हकीकत आपण आवडीनें सांगतों. पण ता. ५ फेब्रुवारीस सुटका होऊनही गांधीजी मार्चपर्यंत तेथेंच होते व मग विश्रांतीसाठीं जुहूस गेले, त्या आठवड्यांकडे कोणी वळून पाहत नाहीं. मॅडॉकचें नांव आपल्या स्मरणांत राहिलें. त्या दिवसांत अशक्त देह सांभाळणाऱ्या हातांचीं नांवें राहिलीं नाहींत.

असे हात महाराष्ट्रांत कष्टानें तयार झाले. मिरजेस डॉ. वॉनलेस यांच्या मिशन रुग्णालयांत १८९७ मध्यें परिचारिकांचें शिक्षण सुरू झालें. पुढें १९०९ मध्यें पुण्यांत निघालेल्या सेवासदनानें, रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानें, हिंदु स्त्रियांस, त्यांत विधवांसही, शुश्रूषा शिकण्यासाठीं ससूनमध्यें धाडलें. परक्या पुरुषाच्या, आणि तोही कोण जाणे कोणत्या जातीचा, अशाच्या देहाला कुलीन स्त्रीनें हात लावावा, हें आमच्या पांढरपेशा आजोबा-पणजोबांस रुचणारें नव्हतें. घरांत तीच स्त्री रात्र-रात्र उशाशीं बसे, त्यास मात्र कोणाची हरकत नसे!

त्या काळीं उत्तम शुश्रूषा म्हणजे रोग्यास हलूं न देणें. १९४७ मध्यें रिचर्ड ॲशर या इंग्रज डॉक्टरनें अंथरुणावर पडून राहण्याचे धोके खरमरीत शब्दांत मांडले. छातींत कफ सांचतो, पायांच्या शिरांत रक्त गोठतें, पाठीस व्रण पडतात, स्नायू झडतात. म्हणून आज वृद्ध रोग्यासही शक्य तर दुसऱ्याच दिवशीं उठवून बसवितात, दीर्घ श्वास घ्यावयास लावतात. त्याचा चष्मा त्यास लगेच परत देतात व रात्रीची झोप जपतात. कारण या वयांत शस्त्रक्रियेनंतर भ्रम होण्याचें भय मोठें.

पण बुलढाणा जिल्ह्यांतील दुसरबीडसारख्या गांवीं मांडीचें मोडलेलें हाड बसवून म्हातारा परततो, तेव्हां सून मायेनें म्हणते, "आबा, उठूं नका, पडून राहा." तिला बोल लावण्यास आम्ही धजत नाहीं. हातीं पडलेल्या कागदावर गोळ्यांच्या वेळा असतात. कूस केव्हां बदलावी, कितव्या दिवशीं किती पावलें चालवावीं, हें तिला कोणी सांगितलेलें नसतें. रुग्णालय सोडण्याच्या आदल्या दिवशीं परिचारिकेनें समोर उभें राहून सुनेच्याच हातून म्हाताऱ्यास दोनदां उठवून घ्यावें, इतकेंच आमचें मागणें आहे.